शिळ्या पाण्याचा प्रश्न

डॉक्टरांनी अण्णांच्या छातीवरची नळी उचलली आणि सांगून टाकलं की थंडी सरेपर्यंत गंगेत उतरायचं नाही. अंघोळ घरीच, आणि तीही गरम पाण्यानं. दुसऱ्यांदा न्युमोनिया झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असंही त्यांनी देवव्रतला बाजूला घेऊन सांगितलं. इकडे अण्णांनी शांतपणे कुडत्याची बटणं लावली आणि विचारलं, "डॉक्टरसाहब, पानी ताजा रहेगा न?"

"एकदम ताजा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. आपण एका धर्मशास्त्रीय वादात शब्द देऊन बसलो आहोत याची त्या बिचाऱ्यांना कल्पनाच नव्हती. देवव्रतला मात्र होती. ताजं कशाला म्हणायचं आणि शिळं कशाला, हे ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता.

अण्णा म्हणजे विष्णुपंत पायगुंडे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना दशाश्वमेध घाटावर संकल्प सांगण्यात त्यांचा जन्म गेला. पायगुंडे घराणं काशीत इतक्या पिढ्या राहिलं होतं की आपण मुळात कोकणातले की देशावरचे, यावर घरातच दोन मतं होती. अण्णांची स्वतःची अंघोळ मात्र दशाश्वमेधावर नसे. तिथे धंदा. अंघोळीसाठी ते शेजारच्या अहिल्याबाई घाटावर जात, आणि घर त्याच घाटाच्या वरच्या गल्लीत, तळमजल्यावर असल्यामुळे त्यात कधी खंड पडला नव्हता.

घरात गीझर होता. देवव्रत, त्याची बायको वीणा आणि मुलगी रुची, तिघं त्याच पाण्यानं अंघोळ करत आणि तिघांचंही बरं चाललं होतं. पण अण्णांच्या दृष्टीनं त्या गीझरच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून पाणी बसून असे, म्हणजे ते शिळं. "शिळी पोळी तव्यावर गरम केली म्हणून ताजी होते का?" ते म्हणाले. "मग पाणी कसं होईल?"

"पण अण्णा, गच्चीवरच्या टाकीत पण पाणी साठलेलंच असतं," रुची म्हणाली. ती एम.एस्सी. करत होती आणि तिला वाटायचं की मुद्दा बरोबर असला की माणसं ऐकतात.

"टाकीला ऊन लागतं, वारा लागतो. ती जलाशयात मोडते," अण्णा म्हणाले. "गीझर जलाशयात मोडत नाही."

वीणानं पातेल्यात पाणी तापवून द्यायची तयारी दाखवली. त्यावर, त्याच शेगडीवर परवा कांद्याची भजी तळली होती याची अण्णांनी तिला प्रेमानं आठवण करून दिली. वीणानं ते पातेलं जरा आवाज करूनच मांडणीवर परत ठेवलं. थोडक्यात, अण्णांना पाणी हवं होतं ते वाहतं, न साठवलेलं, वेगळ्या विस्तवावर तापलेलं आणि तापताक्षणी अंगावर येणारं. तोवर आजाऱ्याला शास्त्रानं मुभा दिलेलं मंत्रस्नान, म्हणजे ओल्या पंच्यानं अंग पुसून मंत्र म्हणणं, ते करतील. पण पौष पौर्णिमेला माघस्नान सुरू होतं. त्या दिवशी असं पाणी घरात असेल तर उत्तम, नाहीतर गंगा आहेच. हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की त्यात धमकी आहे हे देवव्रतच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

देवव्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागात अधिकारी होता. त्याच्या टेबलावरून कुठलाही अर्ज पहिल्या खेपेला पुढे सरकत नसे, आणि याचा त्याला रास्त अभिमान होता. असा माणूस एकदा एखाद्या विषयात शिरला की घरच्यांचे हाल होतात. तो जेवताना पाण्याच्या दाबाबद्दल बोलू लागला. वीणानं मीठ मागितलं तर त्यानं तिला उष्णतेच्या वहनाबद्दल सांगितलं.

शेजारचे चौरसियाजी सकाळी पेपर वाचायला यायचे, कारण पेपर पायगुंड्यांकडे येत असे. त्यांनी पानाची गिलोरी गालात सरकवली आणि निकाल दिला, "अरे गुरू, सोलर लगवावा. सूरज कौनो बिल थोड़े भेजत हौ."

"पण तुमच्या गच्चीवर होता ना सोलर?" वीणानं विचारलं.

"रहल," चौरसियाजी म्हणाले. "बाकी बंदरन के भी जाड़ा लगत हौ." मग सगळी हकिगत आली. थंडीत माकडांचा अख्खा परिवार त्या काचेच्या नळ्यांवर ऊन खात बसे. एक दिवस त्यांच्यात काहीतरी कौटुंबिक वाद झाला आणि नळ्या फुटल्या. चौरसियाजींना मात्र यात सोलरचा काही दोष दिसत नव्हता. शिवाय सोलरलाही टाकी होतीच, म्हणजे अण्णांच्या हिशेबी पुन्हा शिळं पाणी. बादलीत सोडायचा विजेचा रॉड चौरसियाजींच्या यादीत दुसरा होता. अण्णा बादलीत रॉड असतानाच हात घालून पाणी कितपत तापलं ते बघतील, अशी सगळ्यांना खात्री असल्यामुळे तोही बाद झाला.

अखेर रुचीनं फोनवर शोधून काढलं. "बाबा, ये देखो, गॅसवाला. यात टाकीच नसते. नळ उघडला की आत ज्योत पेटते, पाणी नळीतून जाता जाता तापतं. बंद केला की ज्योत विझली. बस, बाहेर खुल्या हवेत लावायला पाहिजे, बाथरूममध्ये नाही. अंदर लगाया तो जहरीली गॅस."

देवव्रतनं ते तीनदा वाचलं. वाहतं पाणी, स्वतंत्र विस्तव, साठवण नाही. हे यंत्र बनवणाऱ्याच्या घरी नक्की एखादे अण्णा असले पाहिजेत, असं त्याला वाटलं. न्हाणीघराच्या मागे छोटं अंगण होतं, तिथल्या भिंतीवर ते छान बसलं असतं.

खरं तर यंत्र घरपोच आलं असतं. पण चौरसियाजींच्या मेहुण्याचं रामनगरला दुकान होतं, आणि शेजाऱ्याच्या मेहुण्याला सोडून दुसरीकडून वस्तू आणणं म्हणजे काय, हे गल्लीत राहणाऱ्यालाच कळतं. देवव्रत रविवारी गेला. परतताना पुलावर गाड्यांची रांग लागलेली, म्हणून तो नावेत बसला. खोक्यावर पाणी उडू नये म्हणून त्यानं ते आपल्या जवळच्या लाल उपरण्यात गुंडाळलं आणि मांडीवर घट्ट धरलं. नावेतली माणसं एकाएकी हळू आवाजात बोलू लागली. एका बाईनं डोक्यावरून पदर घेतला.

शेजारच्या वयस्क गृहस्थानं विचारलं, "पिताजी?"

"हाँ, पिताजी के लिए," देवव्रत म्हणाला.

त्या गृहस्थानं खोक्याला हात जोडले. "बहुत सेवा की होगी आपने."

"अभी तो शुरू हुई है," देवव्रत म्हणाला, आणि मग त्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काशीत लाल कपड्यात गुंडाळून, मांडीवर धरून, नावेतून माणसं काय नेतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. हसू यायला हवं होतं, पण त्यानं खोकं आणखी घट्ट धरलं. ही पौर्णिमा चुकली तर पुढच्या खेपेला मांडीवर खरोखर अस्थी असतील, हा विचार त्यानं घाट येईपर्यंत झटकला आणि तो परत परत येत राहिला. अण्णा हट्टी होते, छळवादी होते, पण त्याला ते हवे होते. नाव घाटाला लागली तेव्हा त्याचे दोन्ही हात मुंग्या येऊन बधिर झाले होते.

यंत्र बसवायला मुन्नू मिस्त्री आला. त्यानं भिंतीवर यंत्र चढवलं, नवं सिलिंडर जोडलं, नळ उघडला. नळातून थंड पाणी बारीक धारेनं आलं. यंत्रातून नुसती टकटक ऐकू आली आणि तीही थांबली.

"मशीन में कौनो कमी नाहीं," मुन्नू म्हणाला. "पानी में कमी हौ." पाण्यातली कमी शोधायला त्यानं सगळे नळ खोलून परत बसवले. न्हाणीघराचा नळ आता उलट्या बाजूला फिरू लागला. वीणा दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "अहो, टाकी गच्चीवर नुसती जमिनीला टेकलेली आहे. पाण्याला जोरच नाही. उंच करा ना ती." देवव्रत आणि मुन्नू दोघंही, हे आपल्याला आधीच सुचलं होतं, अशा चेहऱ्यानं तिच्याकडे बघू लागले.

गच्चीवर लोखंडी घोडा जोडून टाकी त्याच्यावर चढवली. चार माणसं लागली आणि गल्लीतली उरलेली सूचना द्यायला आली. दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा सरकारी कार्यालयातून एक निरीक्षक आला. घाटाजवळ नवीन बांधकामाला बंदी आहे आणि इथे बांधकाम झाल्याची तक्रार आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

"यह निर्माण नहीं है," देवव्रत आपल्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाला. "टंकी वही है. सिर्फ ऊपर उठाई है."

"ऊपर उठाने को ही निर्माण कहते हैं," निरीक्षक म्हणाला. त्याच्या आवाजात देवव्रतला ओळखीचं काहीतरी वाटलं. आपण स्वतः नापासांच्या पालकांशी असंच बोलतो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

अर्ज केला. अर्ज परत आला. कारण टाकीच्या पूर्वस्थितीचा फोटो जोडलेला नव्हता. आता घरातल्या गच्चीवरच्या टाकीचा फोटो कोण काढून ठेवतो? लग्नातल्या अल्बममध्ये चौरसियाजींच्या मागे टाकीचा एक कोपरा दिसत होता, पण तो पुरेसा मानला गेला नाही. शेवटी तीच चार माणसं बोलावून टाकी खाली उतरवली, तिचा चारही बाजूंनी फोटो काढला आणि ती परत वर चढवली. अर्जावर 'मरम्मत' असा शेरा पडून मंजुरी मिळाली. देवव्रतनं त्या आठवड्यात ऑफिसात आलेले सगळे अर्ज पहिल्याच खेपेला पुढे पाठवले, त्यामुळे त्याच्या प्रकृतीबद्दल विभागात कुजबुज सुरू झाली.

अण्णा हे सगळं अंगणातल्या उन्हात बसून बघत होते. त्यांचा खोकला कमी झाला होता, गालांवर जरा तुकतुकी आली होती. "जमतंय का रे, देवू?" ते मधूनमधून विचारत. जमलं नाही म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. देवव्रतला वाटायचं की आपल्याला धीर देण्यासाठीच ते असं हसतात.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नळ उघडल्याबरोबर यंत्रात भक्क झालं आणि निळी ज्योत पेटली. वाफाळतं पाणी धो धो आलं. रुचीनं हात धुतले, वीणानं हात धुतले, चौरसियाजींनी पाय धुतले. मुन्नू मिस्त्रीनं सगळ्यांकडून शाबासकी घेतली.

पौर्णिमेला पहाटे अण्णा न्हाणीघरात गेले. बाहेर देवव्रत, वीणा आणि रुची निकालाची वाट बघत असल्यासारखे उभे होते. आतून संकल्प ऐकू आला, मग पाण्याचा आवाज, मग समाधानाचा हुंकार. मग नळ बंद झाल्याचा आवाज आणि मंत्र. पुन्हा नळ, आणि मागोमाग अण्णांची अशी किंकाळी की शेजारच्या गच्चीवरची माकडं पळाली.

"गंगेपेक्षा थंड आहे हे," अण्णा आतून म्हणाले.

कारण असं की पायगुंड्यांच्या घरात मंत्र म्हणताना नळ चालू ठेवणं म्हणजे पाण्याचा अपमान. तांब्या भरायचा, नळ बंद करायचा, मंत्र म्हणायचा, पाणी ओतायचं, पुन्हा नळ उघडायचा. पण नळ बंद झाला की ज्योत विझे, आणि उघडला की ती पुन्हा पेटेपर्यंत मधलं थंड पाणी तांब्यात पडे. ज्यानं हे यंत्र बनवलं त्याच्या घरी अण्णा नव्हतेच, हे आता सिद्ध झालं.

"अण्णा, नळ बंद करू नका," देवव्रत दाराला तोंड लावून म्हणाला. "वाहू दे सारखं."

"वाया जाईल."

"गंगा काय तुम्ही मंत्र म्हणताना थांबते का?"

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग नळ सुटला तो सुटलाच. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते आणि अंगातून वाफा येत होत्या. वीणानं शिरा केला. देवव्रत त्या दिवशी ऑफिसात शीळ घालत फिरला, आणि विभागातली कुजबुज वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचं अंथरूण रिकामं होतं. न्हाणीघर कोरडं होतं. खुंटीवरचा पंचा नव्हता.

देवव्रत अनवाणीच गल्लीतून धावला. धुकं इतकं होतं की घाटाच्या पायऱ्या पाऊल टेकल्यावरच सापडत होत्या. खालच्या पायरीवर तीन म्हातारे बसले होते. मधले अण्णा. त्यांच्या एका बाजूला रेल्वेतून निवृत्त झालेले मिसिरजी आणि दुसऱ्या बाजूला होमिओपॅथीच्या गोळ्या देणारे भादुडीबाबू. या दोघांबरोबर अण्णा तरुणपणापासून इथे अंघोळ करत आले होते. अण्णांनी कुडता काढून मांडीवर घेतला होता आणि ते कुडकुडत होते.

देवव्रतला भयंकर राग आला. त्यानं आपली शाल अण्णांच्या खांद्यांवर टाकली आणि मग विचारलं, "काल पाणी गरम नव्हतं का?"

"होतं."

"ताजं नव्हतं?"

"होतं रे. वाहतं पण होतं." अण्णा पाण्याकडे बघत राहिले. "मला वाटलं होतं, असलं पाणी तुला मिळायचंच नाही. म्हणून तर अट घातली. तू टाकी उतरवलीस, चढवलीस, त्या साहेबाचे पाय धरलेस. मग मला बोलता येईना."

"म्हणजे शिळं पाणी वगैरे..."

"ते आहे शास्त्रात. पण त्याला पळवाटा असतात." अण्णांनी शाल घट्ट ओढली. "घरी अंघोळ झाली तरी दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, देवू. कोणी विचारत नाही, पानी कइसन हौ म्हणून."

"हमलोग पंडितजी की जगह खाली रखे रहे," मिसिरजी म्हणाले. त्यांनी हातानं पायरीवरची मधली जागा दाखवली. "पहले सात-आठ जन बैठते थे. अब इतने ही बचे हैं." भादुडीबाबूंना काहीतरी बोलायचं होतं, पण त्यांना खोकल्याची उबळ आली. देवव्रतला तो खोकला चांगला ओळखीचा होता. महिनाभर घरात त्यानं तसाच खोकला ऐकला होता.

परीक्षा विभागातल्या माणसानं विचार न करता निर्णय घेण्याची ही पहिलीच वेळ असावी. "उठिए," तो म्हणाला. "तीनों उठिए. घर चलिए. वहीं नहाइए सब लोग."

"पानी पूरेगा?" भादुडीबाबूंनी धाप टाकत विचारलं.

"उसमें टंकी ही नहीं है. जितना चाहिए उतना."

"रोज?" मिसिरजींनी विचारलं.

देवव्रतनं क्षणभर न्हाणीघराचा, सिलिंडरचा आणि वीणाचा विचार केला. "रोज," तो म्हणाला.

अण्णांनी लगेच निर्णय दिला. आधी घाटावर येऊन बसायचं, पाण्याला हात लावायचा, तांब्याभर गंगा बरोबर घ्यायची आणि ती घरच्या पाण्यात मिसळून अंघोळ करायची. हे शास्त्रात बसतं का, असं देवव्रतनं विचारलं नाही. अण्णा इतक्या झपाट्यानं पायऱ्या चढू लागले होते की त्यांना अडवण्यात अर्थ नव्हता.

तेव्हापासून पायगुंड्यांच्या अंगणात सकाळी पंगत बसल्यासारखी माणसं बसू लागली. एक आत, दोघं बाहेर. बाहेरचे दाराशी तोंड नेऊन विचारत, "पानी कइसन हौ?" आतून उत्तर येई, "चउचक," म्हणजे झकास. भादुडीबाबूंचा खोकला हळूहळू बसला आणि ते आत बंगाली गाणी म्हणू लागले. घाटावरचे आणखी दोघं म्हातारे येऊ का म्हणून विचारून गेले. चौरसियाजी, यंत्र नीट चालतंय ना हे बघायला म्हणून, खांद्यावर गमछा टाकून रोजच येत. वीणानं पहिले दोन दिवस कपाळाला हात लावला, आणि तिसऱ्या दिवसापासून चहाचं आधण मोठ्या पातेल्यात ठेवलं.

एका सकाळी देवव्रतला ऑफिसात लवकर जायचं होतं. परीक्षेची मोठी बैठक होती. तो टॉवेल घेऊन अंगणात आला तर रांगेत चौघं होते आणि आतून अण्णांचं स्तोत्र चालू होतं. त्यानं दारावर टकटक केली. "अण्णा, किती वेळ?"

"आत्ता तर सुरुवात केली," अण्णा म्हणाले. "तू त्या जुन्या गीझरच्या पाण्यानं कर ना. तुला कुठे शिळं-ताजं आहे?"

जुन्या गीझरची दुसरी न्हाणी रुचीनं अडवली होती. देवव्रत थोडा वेळ आपल्याच अंगणात, आपल्याच यंत्रासमोर, टॉवेल गुंडाळून उभा राहिला. मिसिरजींनी त्याला आपला नंबर द्यायची तयारी दाखवली, पण त्यात इतका उपकार होता की त्याला ते सहन झालं नाही. तो तसाच गल्लीतून निघाला आणि अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या उतरला. गंगेत बुडी मारून त्याला कित्येक वर्षं झाली होती. त्यानं नाक धरलं आणि तो उतरला. थंडी अशी डोक्यात गेली की बैठकीतले सगळे विषय तो क्षणात विसरला.

वर आला तेव्हा शेजारी एक नावाडी नाव बांधत होता. त्यानं देवव्रतकडे निरखून पाहिलं. "पंडितजी के लड़के हैं न? पंडितजी बहुत दिन से पानी में उतरते नहीं दिखे. ठीक तो हैं?"

"ठीक हैं," देवव्रत म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "घर पर हैं. गरम पानी से नहा रहे हैं."

हे वाक्य म्हणताना त्याला इतकं बरं वाटलं की तो पुन्हा नाक धरून पाण्यात गेला.